बोलक्या पुस्तकात नेमके पान कसे गाठावे?

प्रश्न: मी कल्याणला राहतो आणि मुंबईत इतिहास विषय घेऊन एम.ए. करतो. काही वर्षांपूर्वी माझी दृष्टी गेली. ब्रेल अजून फार सावकाश वाचता येते, त्यामुळे सगळा अभ्यास बोलक्या पुस्तकांवरच चालतो. वर्गात सर ‘पान १४२ काढा’ म्हणतात, तेव्हा बाकीचे लगेच पान काढतात आणि मी विषय पुढे गेला तरी पुढे-मागे करत बसतो. मित्राच्या डेझी प्लेअरवर (बोलकी पुस्तके वाचणाऱ्या यंत्रावर) हेच पुस्तक नेमक्या पानावर जाते, माझ्या फोनवर मात्र नुसत्या ४१ फाइली एकाखाली एक दिसतात. दोष फोनचा आहे की माझ्या वापरण्याचा?

उत्तर: दोष तुमच्या वापरण्याचा नाही आणि बहुधा फोनचाही नाही. तुमच्या वर्णनावरून मला असे वाटते, की हे पुस्तक तुमच्यापर्यंत अर्धेच पोहोचले आहे. मुंबईतल्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांना बोलकी पुस्तके वापरायला शिकवण्याचे आणि अशी पुस्तके तयार करून घेण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. ही तक्रार घेऊन जे येतात, त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत एकच गोष्ट निघते: पुस्तक देणाऱ्याने पेन ड्राइव्हवरून किंवा व्हॉट्सॲपवरून एमपीथ्री फाइली तेवढ्या पाठवलेल्या असतात आणि त्यांच्यासोबतच्या अगदी लहान आकाराच्या फाइली निरुपयोगी समजून मागे ठेवलेल्या असतात. आवाज एमपीथ्रीत असतो हे खरे; पण प्रकरण कुठे सुरू होते, पान कुठे बदलते, तळटीप कोणती, ही सगळी माहिती त्या लहान फाइलींमध्येच असते.

यामागची रचना थोडी समजून घेतली तर पुढचे सगळे सोपे जाईल. कॅसेटच्या काळात प्रकरणाच्या आरंभी एक खोल सूर नोंदवून ठेवण्याची पद्धत होती; टेप वेगाने पळवली की तो सूर टोचल्यासारखा ऐकू येई आणि वाचकाने तेवढ्यावर प्रकरणे मोजत पुढे जायचे. पान शोधण्याची सोय नव्हतीच. ही अडचण दूर करण्यासाठी निरनिराळ्या देशांतली अंधांची ग्रंथालये १९९६ मध्ये एकत्र आली आणि डेझी कन्सोर्शियम स्थापन झाले. बोलकी पुस्तके बांधण्याच्या त्यांच्या ‘डेझी’ या प्रमाणपद्धतीची २.०२ ही आवृत्ती २००१ मध्ये आली. ती जुनी झाली असली तरी आजही त्या साच्यातली पुस्तके भरपूर मिळतात, आणि तुमच्या मित्राकडचे पुस्तकही तसलेच असण्याची शक्यता अधिक आहे.

अशा पुस्तकाच्या फोल्डरमध्ये तीन प्रकारच्या फाइली असतात. पहिली एनसीसी नावाची: तिच्यात सगळी शीर्षके त्यांच्या पातळीसह आणि सगळे पान-क्रमांक क्रमाने लिहिलेले असतात. दुसऱ्या एसएमआयएल प्रकारच्या: शीर्षक, पान किंवा वाक्य कोणत्या ध्वनिफाइलीत कितव्या सेकंदाला सुरू होते आणि कितव्या सेकंदाला संपते, याची नोंद त्यांच्यात असते. तिसऱ्या प्रत्यक्ष आवाजाच्या. तुम्ही प्लेअरला १४२ हा आकडा दिला की तो एनसीसीमध्ये पान १४२ शोधतो, तिथून त्याला एसएमआयएल फाइलीचे नाव मिळते, त्या फाइलीत समजा ‘एकोणिसावी ध्वनिफाइल, ७ मिनिटे १२ सेकंद’ अशी नोंद असते आणि प्लेअर थेट तिथून वाचू लागतो. या साखळीतली एक फाइल गळाली किंवा तिचे नाव बदलले तरी साखळी तुटते. म्हणून ‘शून्य शून्य एक’ ही काय नावे झाली, असे म्हणून फाइलींना सुबक मराठी नावे देण्याचा मोह टाळावा. द्यायचेच असेल तर सगळ्यात बाहेरच्या फोल्डरला नाव द्यावे, आत हात लावू नये. पुढे आलेल्या डेझी ३ मध्ये आणि त्यानंतर २०११ पासूनच्या ईपब ३ या ई-पुस्तकांच्या प्रमाणपद्धतीत फाइलींची नावे व बांधणी बदलली, तत्त्व मात्र हेच राहिले.

तेव्हा पहिले काम असे करा. मित्राकडून संपूर्ण फोल्डर झिप करून घ्या आणि फोनवर तो संगीताच्या ॲपमध्ये न उघडता डेझी समजणाऱ्या ॲपमध्ये उघडा. डॉल्फिन कंपनीचे ईझी रीडर हे ॲप विनामूल्य आहे, फोनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या टॉकबॅकबरोबर नीट चालते आणि डेझीची दोन्ही रूपे तसेच ईपब वाचते. संगणकावर थोरियम रीडर आहे, तेही विनामूल्य आहे. तुम्ही पुढेमागे व्हिक्टर रीडर स्ट्रीम हा हातात मावणारा डेझी प्लेअर घेतला, तर डेझी पुस्तक त्याच्या कार्डावर ‘डॉलर व्हीआरडीटीबी’ या फोल्डरमध्येच ठेवा. संगीताच्या फोल्डरमध्ये ठेवले तर तो प्लेअर त्याला गाणी समजतो आणि मग चांगल्या यंत्रावरही तुम्हाला ४१ फाइलीच ऐकू येतील.

आता दुसरी आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची बाब. पुस्तकात कुठवर फिरता येईल हे प्लेअर ठरवत नाही, पुस्तक तयार करणारा ठरवतो. महागडा प्लेअर आणला आणि पुस्तकात पानेच नोंदलेली नसली, तर तो ‘या पुस्तकात पाने नाहीत’ असे नम्रपणे सांगण्यापलीकडे काही करू शकत नाही. डेझीच्या नावाखाली जे मिळते त्यात बरेच प्रकार असतात: नुसता आवाज आणि पुस्तकाचे नाव, आवाज आणि शीर्षके, आवाज, शीर्षके आणि पाने, आवाजाबरोबर संपूर्ण मजकूर, आणि आवाज नसलेला, कृत्रिम आवाजाने वाचायचा निव्वळ मजकूर. कादंबरीला पहिल्या दोन प्रकारांनीही भागते. एम.ए.च्या पुस्तकाला पाने नसतील तर ते अपुरे आहे, आणि तसे म्हणण्यात कृतघ्नपणा मुळीच नाही. आपल्याकडे स्वयंसेवकांनी प्रेमाने वाचून दिलेल्या पुस्तकाला नावे कशी ठेवायची, या संकोचामुळे वाचक वर्षानुवर्षे तक्रारच करत नाहीत, आणि तयार करणाऱ्यांना काय कमी पडते हे कळत नाही.

पुस्तक हाती आल्यावर लगेच पहिल्या वाक्यापासून ऐकायला लागू नका. आधी पुस्तकाची माहिती ऐका. स्ट्रीमवर शून्याचे बटण दाबले की एकूण कालावधी, शीर्षकांची संख्या, पानांची संख्या अशी माहिती मिळते; ॲपमध्ये ती पुस्तकाच्या तपशिलात किंवा अनुक्रमात पाहता येते. नंतर पहिल्या पातळीवर राहून सगळी शीर्षके एकदा ऐकून घ्या. डोळस वाचक पुस्तक विकत घेण्याआधी चाळतो, अनुक्रमणिकेवर नजर फिरवतो, शेवटची पाने उलटतो. ते सगळे आपल्याला मुद्दाम करावे लागते. दहा-पंधरा मिनिटे जातात, पण त्यानंतर पुस्तकात कुठे काय आहे याचा अंदाज राहतो आणि सरांनी ‘महसूल व्यवस्थेचा भाग बघा’ म्हटले तरी हात आपोआप तिसऱ्या प्रकरणाकडे वळतो.

पातळ्यांविषयी गोंधळ फार होतो. डेझीत शीर्षकांच्या सहा पातळ्या असू शकतात: भाग, प्रकरण, उपप्रकरण अशा उतरत्या क्रमाने. तुम्ही कल्याणहून येता, म्हणून असे सांगते: पहिली पातळी म्हणजे फास्ट लोकल आणि तिसरी म्हणजे स्लो. फास्ट मोजक्या स्थानकांवर थांबते. स्लो त्या स्थानकांवर तर थांबतेच, शिवाय मधल्या सगळ्या स्थानकांवरही थांबते. त्याचप्रमाणे बहुतेक प्लेअरवर तिसरी पातळी निवडून पुढे गेलात, तर पहिल्या-दुसऱ्या पातळीची शीर्षकेही वाटेत लागतात. म्हणून दूर जायचे असेल तेव्हा पहिली पातळी धरावी, प्रकरण आले की खालच्या पातळीवर उतरावे आणि हवा तो मुद्दा गाठावा. सुरुवातीपासूनच तिसऱ्या पातळीवर बटण दाबत राहणारे विद्यार्थी लवकर कंटाळतात आणि ‘डेझी किचकट आहे’ असे म्हणू लागतात.

स्ट्रीमच्या कळफलकावर २ आणि ८ या बटणांनी पातळी किंवा एकक निवडायचे आणि ४ व ६ यांनी मागे-पुढे जायचे. एककांमध्ये शीर्षकाच्या पातळ्यांखेरीज पान, वाक्यखंड (ध्वनिमुद्रणातला दोन विरामांमधला तुकडा), वेळेची उडी आणि बुकमार्कही येतात. ५ दाबले की आपण सध्या कोणत्या शीर्षकाखाली आणि कोणत्या पानावर आहोत ते कळते. या ५ वर उंचवटा असतो. गर्दीच्या डब्यात प्लेअर खिशात ठेवूनही अंगठ्याने तो सापडतो आणि बाकीची बटणे त्याच्याभोवती लागतात. प्रवासात ऐकायचे तर एकच कान झाका, किंवा हाडातून आवाज पोहोचवणारे हेडफोन घ्या. दिव्यांगांच्या डब्यातसुद्धा स्थानकाची घोषणा आणि शेजाऱ्याचा ‘उतरायचंय का?’ हा प्रश्न ऐकू यायला हवा.

आता पान १४२. पानावर जाण्याचे बटण दाबा, १, ४, २ हे आकडे द्या आणि खात्रीचे बटण दाबा. ॲपमध्ये हेच काम पानांच्या यादीतून किंवा पान-क्रमांक लिहून होते. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. छापील पुस्तकात वाक्य अर्धवट असताना पान संपते, पण वाचणारा वाक्य मध्येच तोडत नाही. कोणी वाक्य पूर्ण करून मग ‘पान १४२’ म्हणतो, कोणी आधी म्हणतो. त्यामुळे सर ज्या पहिल्या ओळीबद्दल बोलत आहेत ती तुमच्या पुस्तकात पानाच्या खुणेच्या जरा अलीकडे असू शकते. पानावर पोहोचल्यावर एक वाक्यखंड मागे जाऊन ऐकायची सवय लावा. दुसरी गोष्ट प्रस्तावनेची. मराठी पुस्तकांत सुरुवातीची पाने ‘सात’, ‘आठ’, ‘नऊ’ अशी अक्षरी छापण्याचा प्रघात आहे आणि मुख्य मजकूर पुन्हा १ पासून सुरू होतो. डेझीत आरंभीच्या पानांचा वेगळा वर्ग असतो आणि कळफलकावर ७ दिले तर प्लेअर सहसा मुख्य मजकुरातल्या ७ व्या पानावर जातो. प्रस्तावनेतले पान हवे असेल तर शीर्षकावरून प्रस्तावनेत जाऊन तिथून पानापानाने पुढे सरकावे.

त्याहून मोठा घोटाळा आवृत्तीचा असतो. सरांच्या हातात नवी आवृत्ती आहे आणि तुमचे पुस्तक जुन्या आवृत्तीवरून वाचलेले आहे, तर पान १४२ वर तुम्हाला भलताच मजकूर ऐकू येईल आणि तुम्हाला वाटेल की आपणच चुकलो. पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष वाचून दाखवलेले असते. ते कंटाळवाणे म्हणून ओलांडू नका. आवृत्ती वेगळी असेल तर सरांना तासाच्या आधी भेटून ‘पान-क्रमांकासोबत प्रकरण आणि उपशीर्षक सांगाल का’ अशी विनंती करा. बहुतेक प्राध्यापक आनंदाने सांगतात. त्यांना ही अडचण आहे हेच ठाऊक नसते. एकदा त्या प्रकरणातली दोन्हींतली सुरुवातीची पाने कळली की पानांतला फरक मनात ठेवून काम भागते: तुमच्याकडे प्रकरण १२० वर आणि त्यांच्याकडे १२८ वर सुरू होत असेल, तर त्यांचे १४२ म्हणजे तुमचे १३४ च्या आसपास.

पाने अजिबात नसलेले पुस्तक गळ्यात पडले तरी अगदीच निरुपाय होत नाही. समजा पुस्तक १४ तासांचे आहे, छापील पाने ३२८ आहेत आणि पहिले प्रकरण २० व्या मिनिटाला सुरू होते. उरलेल्या ८२० मिनिटांना ३२८ ने भागले की दर पानाला अडीच मिनिटे येतात. पान १४२ च्या आधी १४१ पाने, म्हणजे साडेतीनशेहून दोन-तीन मिनिटे अधिक. त्यात सुरुवातीची २० मिळवली की साधारण ६ तास १२ मिनिटे होतात. वेळेवर जाण्याची सोय वापरून तिथे पोहोचा आणि एकेक मिनिटाच्या उड्यांनी जागा नक्की करा. कोष्टके किंवा चित्रे जास्त असली तर हा हिशेब घसरतो, पण सलग गद्याच्या पुस्तकात तो आश्चर्य वाटावे इतका जवळ नेतो. असे पुस्तक वर्षभर वापरायचे असेल तर प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी स्वतःच क्रमांकाचा बुकमार्क ठेवावा: पहिल्या प्रकरणाला १, दुसऱ्याला २. मग तुमच्यापुरती ती अनुक्रमणिकाच होते.

बुकमार्कबद्दल एक आग्रह. पुष्कळ जण बुकमार्क फक्त ‘कुठवर ऐकले’ यासाठी ठेवतात. ते प्लेअर आपणहून लक्षात ठेवतो, त्यासाठी बुकमार्क खर्चू नये. बुकमार्क अवतरणांसाठी, वादाच्या मुद्द्यांसाठी, परीक्षेत लिहायच्या व्याख्यांसाठी ठेवावा, आणि प्लेअरवर आवाजी टीप ठेवायची सोय असेल तर ‘रयतवारी, तुलनेसाठी’ असे दोन शब्द बोलून ठेवावेत. तासाच्या वेळी मात्र बोलता येत नाही. तेव्हा नुसता क्रमांक ठेवा आणि घरी जाताना त्याला शब्द जोडा.

इतिहासाच्या पुस्तकात तळटिपा भरपूर असतात आणि त्या ऐकणाऱ्याला फार छळतात. वाक्य रंगात आलेले असताना ‘तळटीप’ म्हणून दफ्तर क्रमांक, लेखांक आणि तारीख सुरू होते, आणि संपते तेव्हा मूळ वाक्याचा कर्ता विसरलेला असतो. पुस्तक करणाऱ्याने तळटिपांना तशी खूण दिली असेल तर प्लेअरच्या मेनूतून त्या वगळता येतात. पानांची घोषणा आणि पुस्तक करणाऱ्याची निवेदनेही अशीच वगळता येतात. माझा सल्ला असा, की पहिल्या वाचनात तळटिपा बंद ठेवाव्यात आणि प्रबंधिका लिहायला बसाल तेव्हा चालू कराव्यात. पानांची घोषणा मात्र विद्यार्थ्याने बंद करू नये. ती कानावर पडत राहिली की संदर्भ देताना पान आपोआप आठवते.

सूचीबद्दल थोडे रागावूनच लिहिते. अनेक बोलकी पुस्तके शेवटच्या प्रकरणावर संपतात. परिशिष्टे, संदर्भग्रंथ आणि शब्दसूची ‘कोण ऐकणार’ म्हणून वाचलेलीच नसतात. पाने नोंदलेल्या पुस्तकात सूची हे अतिशय कामाचे साधन आहे: ‘चौथाई: २३, ८८, १४२’ एवढे ऐकले की तीन उड्यांत तिन्ही ठिकाणी जाता येते. त्यासाठी सूचीतल्या आद्याक्षरांना शीर्षक म्हणून नोंदवावे लागते, म्हणजे ‘अ’पासून ‘च’पर्यंत सगळे ऐकत बसावे लागत नाही. डोळस विद्यार्थ्याला जे मिळते ते तुम्हालाही मिळायला हवे, ते मागा.

याउलट शीर्षकांचा अतिरेकही तापदायक असतो. पुस्तक तयार करणारा छापील पानावरची प्रत्येक ठळक ओळ शीर्षक म्हणून नोंदवतो, आणि मग प्रकरण शोधताना शेकडो शीर्षके ओलांडावी लागतात. बहुतेक मराठी गद्याला तीन पातळ्या पुरतात. कवितासंग्रहात प्रत्येक कविता हे शीर्षक हवे. ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथात १८ अध्याय ही पहिली पातळी उघडच आहे, पण सुमारे ९००० ओव्यांपैकी प्रत्येक ओवी शीर्षक म्हणून नोंदवली तर वाचकाचे भले होत नाही. ठरावीक ओव्यांच्या टप्प्यांना दुसरी पातळी द्यावी आणि एकेक ओवी हा स्वतंत्र वाक्यखंड ठेवावा, म्हणजे टप्पा गाठून ओवीओवीने पुढे जाता येते. ओबी या डेझी पुस्तके तयार करण्याच्या विनामूल्य प्रणालीत ध्वनिमुद्रण करताना शांततेच्या जागा ओळखून वाक्यखंड आपोआप पाडता येतात. वाचणाऱ्याने ओवी संपल्यावर नेहमीपेक्षा किंचित अधिक थांबले तर निम्मे काम तिथेच होते.

तुमच्याकडे संपूर्ण मजकूर असलेले पुस्तक आले तर शब्द शोधण्याची सोय मिळते, आणि ती मिळाल्यावर पानाची अडचण बरीच कमी होते. मात्र मराठीत शोध घेण्याच्या काही खोडी आहेत. ‘घोडा’ शोधलात तर ‘घोड्याने’, ‘घोड्यांचा’ सापडत नाही, म्हणून शब्दाचा न बदलणारा भाग, ‘घोड’ एवढाच द्यावा. ऐतिहासिक नावे निरनिराळ्या प्रकारे छापलेली असतात. ‘पानिपत’ मिळाले नाही तर ‘पानपत’ देऊन पाहावे. युनिकोडमध्ये ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून लिहिता येते आणि ‘अ’वर चंद्र देऊनही लिहिता येते, दोन्ही ऐकायला सारखेच, पण यंत्राला वेगळे. ‘दऱ्या’, ‘शेतकऱ्यांचे’ अशा शब्दांतला र देखील दोन प्रकारे टाइप होतो. म्हणून ‘शेतकऱ्यांचे’ न सापडल्यास ‘शेतक’ शोधावे. आणि काहीच सापडत नसेल, मजकुराच्या जागी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली) अगम्य अक्षरे वाचत असेल, तर ते पुस्तक श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधल्या पीडीएफवरून घेतलेले असणार. ते युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

निव्वळ मजकुराची पुस्तके कृत्रिम आवाजात ऐकताना फोनमध्ये मराठी आवाज निवडलेला आहे याची खात्री करा. हिंदी आवाजावर मराठी ऐकले की ‘चमचा’ आणि ‘जरा’ यांतले उच्चार बिघडतात आणि तासाभरात डोके दुखू लागते. एनव्हीडीए या संगणकावरच्या विनामूल्य स्क्रीन रीडरबरोबर येणाऱ्या ई-स्पीकमध्ये मराठी आहे. तो आवाज रुक्ष असला तरी वेग वाढवला तरी स्पष्ट राहतो, आणि उजळणीला मला तो आवडतो.

पुस्तके कुठून मिळवायची, हेही सांगते. केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने डेझी फोरम ऑफ इंडियाच्या साहाय्याने ऑगस्ट २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केले. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांना त्यात नोंदणी करता येते आणि ईझी रीडरमधून थेट पुस्तक उतरवून घेता येते. मुंबईत वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे आणि धोबीतलावजवळ सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्र आहे. तुमचे महाविद्यालय दक्षिण मुंबईत असेल तर दुसरे ठिकाण सोयीचे पडेल. इंग्रजी संदर्भग्रंथांसाठी बुकशेअर हे ऑनलाइन ग्रंथालय पाहा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात दिव्यांग व्यक्तींसाठी सुगम प्रत तयार करण्याला स्पष्ट परवानगी आहे, आणि अशा प्रतींची देशोदेशी देवाणघेवाण सुलभ करणाऱ्या २०१३ च्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच होता. त्यामुळे परदेशी ग्रंथालयांतल्या प्रतीही कायदेशीर मार्गाने येऊ शकतात. ही सवलत वाचू न शकणाऱ्यांपुरतीच आहे. वर्गातल्या डोळस मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुस्तक टाकू नका.

शेवटी, पुस्तक नव्याने करून घ्यायची वेळ आली तर विनंती मोघम करू नका. ‘इतिहासाचे पुस्तक हवे’ एवढेच लिहिले तर मिळेल ते मिळते. ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती व वर्ष, तुमच्या अभ्यासक्रमातली प्रकरणे, आणि ‘मुद्रित प्रतीप्रमाणे पान-क्रमांक, तीन पातळ्यांची शीर्षके, तळटिपा वगळता येतील अशा स्वतंत्र, सूचीसह’ असे स्पष्ट लिहा. सगळे पुस्तक लगेच होण्यासारखे नसेल तर येत्या सत्राची प्रकरणे आधी मागा. छापील प्रत शक्यतो तुम्हीच पुरवा आणि ती सरांकडे आहे त्याच आवृत्तीची असू द्या. पुस्तक हाती आल्यावर पान १, पान १४२ आणि शेवटचे पान या तीन ठिकाणी जाऊन पाहा. कुठे चूक निघाली तर वेळ आणि पान लिहून त्याच आठवड्यात कळवा, कारण मूळ ध्वनिमुद्रण त्यांच्या संगणकावर असेपर्यंत दुरुस्ती काही मिनिटांची असते.